टेन्शनमुळे राहत नाही, असं नसतं

ठाण्यात पाचपाखाडीला आमचं घर. सासू-सासरे आणि आम्ही दोघं. डिसेंबर २०१६ मध्ये लग्न झालं, २०१८ पासून मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू केले आणि ऑगस्ट २०२१ ते एप्रिल २०२४ ही पावणेतीन वर्षं उपचारांत गेली. मूल झालं नाही. हे आधीच सांगते, कारण मी असे अनुभव शोधून शोधून वाचायचे तेव्हा शेवटी बाळाचा फोटो असायचा, आणि मला वाटेत एकटीलाच उतरवून गाडी पुढे गेल्यासारखं वाटायचं. म्हणून औषधांबद्दल कमी लिहिते. मन कसं सांभाळलं आणि कुठे सांभाळता आलं नाही, त्याबद्दल जास्त.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावं, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच, असा साधा हिशेब आहे. आम्ही तीन वर्षं लावली. मधली दोन कोविडची होती, पण खरं कारण भीती. ऑगस्ट २०२१ मध्ये मी एकटीच घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी पहिलं वाक्य म्हटलं, "मिस्टर कुठे आहेत?" आमच्या डोक्यातच नव्हतं की तपासणी दोघांची असते.

माझी एएमएच चाचणी झाली, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरली आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी, १.१ आलं, म्हणजे वयाच्या मानाने कमी. मग एचएसजी. त्यात गर्भाशयात रंगद्रव्य सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात. दुखतं. दोन मिनिटंच, पण दुखतं. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून जा आणि सोबत कोणीतरी न्या. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली. त्यासाठी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, हे कोणी नीट सांगितलं नाही तर फेरी फुकट जाते. रिपोर्टवर शुक्राणूंची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १५ दशलक्ष छापलेली होती, त्याची संख्या ९ होती आणि हालचालही कमी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने गोळ्या घेऊन पुन्हा तपासायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये तपासलं. १० आले.

त्या रात्री हा म्हणाला, "घरी माझं सांगू नकोस." मी हो म्हणाले. त्याचा चेहरा इतका उतरला होता की दुसरं काही सुचलंच नाही. त्या एका "हो"चं ओझं पुढे पावणेदोन वर्षं वागवलं. कारण घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं की दोष माझ्यात आहे. सासूबाईंनी मला सोळा सोमवार करायला सांगितले, मी केले. टेंभीनाक्याच्या देवीला नवस बोलायला लावला, बोलले. देवीवर माझी श्रद्धा आहे, त्याची तक्रार नाही. पण उपवास फक्त मी करत होते, आणि का करतेय हे माहीत असलेला माणूस समोर बसून गप्प जेवत होता.

डिसेंबर २०२१ मध्ये जावेचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा. ओटी भरायची वेळ आली तशी मावशी म्हणाल्या, "आधी लेकुरवाळ्या पुढे या." मला कोणी मागे हो म्हटलं नाही. मी स्वतःच उठून आत गेले आणि कोशिंबीर कालवत बसले. काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं, फोडणी दिली, मग मीठ दोनदा पडलं. नंतर मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू फार टेन्शन घेतेस बघ. टेन्शन सोड, आपोआप राहील." हे वाक्य मी त्या काळात किती जणांकडून ऐकलं याची गणतीच नाही. शेजारणीकडून, ऑफिसात, पार्लरवालीकडून, एकदा सोनोग्राफी करणाऱ्या बाईंकडूनसुद्धा.

मार्च आणि मे २०२२ मध्ये दोनदा आययूआय केलं, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात. तपासण्यांचे तोवर २२ हजार गेले होते, दोन आययूआयचे इंजेक्शनं धरून २७ हजार गेले. दोन्ही वेळा पाळी आली. आमची मेडिक्लेम पॉलिसी वंध्यत्वावरचे उपचार देत नव्हती, तुमचीही आधी वाचून घ्या. डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवलं, म्हणजे बीजं बाहेर काढून लॅबमध्ये फळवायची आणि भ्रूण गर्भाशयात सोडायचा.

इथे एक कागदी अडचण आली, ती सविस्तर सांगते, कारण तिच्यात आमचे सहा आठवडे गेले. जानेवारी २०२२ पासून सहाय्यक प्रजननाचा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार जोडप्याला उपचार घ्यायचे तर दोघं विवाहित असावी लागतात, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ लागतं. क्लिनिकने दोघांची आधार कार्डं, फोटो आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला. आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती! महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात गेलो तर लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतील असं कळलं. उशिराचा दंड वेगळा. गुरुजी डोंबिवलीचे, त्यांच्याकडे दोन फेऱ्या झाल्या. साक्षीदारांना "पासपोर्टसाठी हवंय" असं खोटं सांगितलं. नवऱ्याचा मित्र सही करताना हसत म्हणाला, "काय, हनिमूनला परदेशी?" आम्हीही हसलो. बाहेर येऊन हा रिक्षात एक शब्द बोलला नाही. उपचार करायचे की नाही ते नंतर ठरवा, पण दाखला आधी काढून ठेवा. मनावर आधीच इतकं असतं की एका सहीसाठीच्या चकरासुद्धा रडवतात.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आयव्हीएफ सुरू झालं. पॅकेज १ लाख ४५ हजार, इंजेक्शनं ७८ हजारांची. ती फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली होती. रोज संध्याकाळी सातला पोटावर टोचायची. पहिले दोन दिवस दवाखान्यात गेले, मग नवरा शिकला. त्याचा हात थरथरायचा. १८ तारखेला बीजं काढली, आठ मिळाली. पाच फळली, पाचव्या दिवसापर्यंत तीन भ्रूण टिकले. एक २३ तारखेला सोडला, दोन गोठवले.

मग चौदा दिवस. या चौदा दिवसांबद्दल मला कोणीच तयार केलं नव्हतं. तोवर रोज काहीतरी करायचं असायचं, कोणीतरी तपासायचं. आता फक्त थांबायचं. मी हळू चालायचे, शिंक दाबायचे, ऐरोलीच्या ऑफिसला जाताना लोकलमध्ये पोटापुढे पर्स धरून उभी राहायचे. आणि मनात एकच धास्ती, टेन्शन आलं तर? टेन्शन आल्याचं टेन्शन. रात्री झोप लागली नाही की वाटायचं, झालं, मीच त्याला टिकू देत नाहीये.

७ डिसेंबरला सकाळी गर्भ राहिला का ते बघायला रक्त दिलं आणि ऑफिसला गेले. दुपारी एक वाजता मीटिंगमध्ये असताना लॅबचा मेसेज आला. आकडा वाचला, राहिलं नव्हतं, फोन उलटा ठेवला आणि पुढची वीस मिनिटं एक्सेलच्या शीटवर बोलले. काय बोलले ते आजही आठवत नाही. तुम्हाला हे टाळता येतं. लॅबच्या फॉर्मवर नवऱ्याचा नंबर द्या, त्या दिवशी रजा घ्या, आणि रिपोर्ट किती वाजता, कुठे, कोणासोबत उघडायचा हे आदल्या दिवशीच ठरवा.

१५ जानेवारीला संक्रांत होती. खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. एका काकूंनी तिळगूळ देताना नेहमीचंच विचारलं, "यंदा तरी गोड बातमी?" आणि मला श्वासच घेता येईना. हात गार पडले. जिन्यात बसून मी तासभर रडले. त्यानंतर तीन आठवडे सकाळी उठवत नव्हतं, अंघोळ टाळायचे, स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचे. क्लिनिकचा फोन आला पुढच्या तारखेसाठी. मी म्हटलं, मला आधी कोणाशी तरी बोलायचंय. कायद्याने क्लिनिकने समुपदेशन द्यायचं असतं. आमच्या क्लिनिकमधल्या समुपदेशक बाई मला अर्धा तास पॅकेज समजावत बसल्या. ते समुपदेशन नव्हे. तुम्हालाही असंच झालं तर बाहेरचा माणूस शोधा, आणि मी केलं तसं हरल्यावर नको, पहिल्या तपासणीच्या वेळीच शोधा.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई घाबरल्या. "म्हणजे मेंटलला?" ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि आख्ख्या मुंबईत "याला ठाण्याला पाठवा" याचा अर्थ एकच होतो. मी ठाण्यातच राहत असल्यामुळे तो शब्द मला जास्त टोचला. पण याच ठाण्यात १९९० पासून आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे, मानसोपचार ही लपवायची गोष्ट नाही हे इथल्या कितीतरी घरांना तिने शिकवलंय. मला नौपाड्यात एक समुपदेशक मिळाल्या. सत्राचे १,२०० रुपये, वेळ पन्नास मिनिटं. राम मारुती रोडवर कोणीतरी ओळखीचं हमखास भेटतं, म्हणून मी दुपारी अडीचची वेळ घ्यायचे.

पहिल्या दोन सत्रांत मी फक्त रडले. तिसऱ्यात मावशींचं वाक्य सांगितलं, की मी टेन्शन घेते म्हणून राहत नाही. त्यांनी खणातून एक कागद काढला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास होता. १४ वेगवेगळ्या अभ्यासांतल्या ३,५८३ बायकांची माहिती एकत्र करून पाहिलं होतं की उपचारांआधीच्या मानसिक ताणामुळे आयव्हीएफसारख्या उपचारांत गर्भ राहायचं प्रमाण कमी होतं का. उत्तर होतं, नाही. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. "म्हणजे मी रडले तरी चालेल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रडा ना. पोटातल्याला तुमच्या रडण्याने काही होत नाही."

माझ्यासाठी सगळ्यात मोठी सुटका हीच होती. दुःख तर होतंच, पण त्या दुःखाचा गुन्हाही माझ्याच नावावर लागला होता, तो उतरला. वंध्यत्व असलेल्या बायकांमधली चिंता आणि नैराश्य कॅन्सर किंवा हृदयरोगाच्या रुग्णांच्या तोडीचं असतं, असा १९९३ चा एक अमेरिकन अभ्यासही त्यांनी सांगितला. कॅन्सरच्या पेशंटला कोणी म्हणतं का, टेन्शन सोड म्हणजे गाठ जाईल?

पुढे त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम केलं. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत, मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एक वही करायची. घटना काय, मनात वाक्य कुठलं आलं, मग वाटलं काय. मी लिहिलं होतं, "मला मूल व्हायलाच हवं, नाहीतर माझ्या असण्याला अर्थ नाही." त्यांनी पेन घेऊन फक्त "च"ला गोल केला. मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, एवढ्या पैशात व्याकरण शिकवतात. पण तो "च" पाठ सोडेना. मूल हवं, हे खरंच आहे, ते कोणी काढून घेत नव्हतं. "हवंच" म्हटलं की मात्र प्रत्येक महिन्याची पाळी ही शिक्षा होत होती. इच्छा ठेवून हट्ट सोडायला मला चार महिने लागले, आणि अजूनही अधूनमधून तो "च" परत येतो.

कामाला आलेल्या गोष्टी लहान लहान होत्या. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांना अर्धा तासच जायचं आणि निघायचं कारण आधीच तयार ठेवायचं. "गोड बातमी?"ला एकच ठरलेलं उत्तर, "असेल तर आम्हीच सांगू, काकू." घरात उपचारांबद्दल बोलायचं ते रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, त्यानंतर विषय बंद. हे शेवटचं नवऱ्यासाठी जास्त उपयोगी पडलं. तो पाचव्या सत्राला आला, कोपऱ्यात बसला, आणि शेवटच्या पाच मिनिटांत म्हणाला, "मला तिच्यासमोर रडायचा हक्क नाही असं वाटतं. कमी माझ्यातच आहे ना." दीड वर्षात मी हे पहिल्यांदा ऐकलं.

२ जून २०२३ ला दुसरा भ्रूण सोडला, खर्च ४५ हजार. १६ तारखेला रिपोर्ट आला, घरी, संध्याकाळी. पॉझिटिव्ह. २९ ला आषाढी एकादशी होती. सासूबाई म्हणाल्या, "तू उपास करायचा नाहीस," आणि मला त्यांच्यासमोर बसवून वरणभात वाढला. ३ जुलैला सातव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. पिशवी दिसली, ठोके नव्हते. आठवड्याने पुन्हा बघितलं. नव्हतेच.

गोळ्या घेऊन सगळं मोकळं झालं. त्याबद्दल इतकंच लिहिते, जास्त लिहवत नाही. एका रात्री दोन वाजता मी १४४१६ ला फोन लावला. ही टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, घाईने गप्प करायला गेली नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं. नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा. अजून एक, मी तेव्हा साध्या चार रजा टाकून पाचव्या दिवशी ऐरोलीला हजर झाले. गर्भपात झाल्यास डॉक्टरांच्या दाखल्यावर सहा आठवडे पगारी रजा तेव्हाच्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी पुण्याहून मावशी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "हिची कूसच धरत नाही, काय करणार." नवऱ्याने ताटावरून हात उचलला. "मावशी, दोष माझ्यात आहे. पहिल्यापासून. मी हिला सांगू दिलं नाही." कोणी काही बोललं नाही. सासरे उठून गॅलरीत गेले. सासूबाईंनी ताटं उचलली, घासायला बाई येत असूनही स्वतः घासत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी तुला सोळा सोमवार करायला लावले गं." आणि माझ्या हातातली पोळी घेऊन त्यांनीच गुंडाळून डब्यात ठेवली. मी काही बोलू शकले नाही. नवऱ्यालाही त्या दिवसापासून झोप लागायला लागली. गुपित ठेवायचं असेल तर किती दिवस, हे दोघांनी आधी ठरवा. कायमचं ठेवू नका.

सप्टेंबरमध्ये समुपदेशकांनी आम्हाला कागदावर लिहायला लावलं. अजून किती वेळा, किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत. आम्ही लिहिलं, उरलेला एक भ्रूण, बस्स. पुन्हा बीजं काढायची नाहीत. लिहिताना हात जड झाला, पण ते आम्ही रिपोर्टच्या रात्री रडत ठरवत नव्हतो, शांतपणे बसून ठरवत होतो. नोव्हेंबरमध्ये क्लिनिकचं पत्र आलं. गोठवलेल्या भ्रूणाच्या साठवणीचे वर्षाचे २० हजार भरा, नाहीतर पुढचं संमतिपत्र द्या. कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. मी तेव्हा तयार नव्हते, पैसे भरले आणि थांबलो. त्या पाच महिन्यांत आम्ही उपवनला चालायला जायचो, नाटकं बघितली, मी पुन्हा पेटी शिकायला लागले.

१२ एप्रिल २०२४ ला, पाडव्यानंतर तीन दिवसांनी, तो शेवटचा सोडला. २६ ला संध्याकाळी सात वाजता, खोलीचं दार लावून, दोघांनी रिपोर्ट उघडला. निगेटिव्ह. खूप रडलो, या वेळी दोघंही. मग बाहेर येऊन आई-बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं, हेही सांगितलं की आता थांबतोय. सासऱ्यांनी मान हलवली. सासूबाईंनी देवापुढची सांजवात नीट केली आणि विचारलं, "जेवणार ना?"

सगळा खर्च मांडला तर ४ लाख २२ हजार होतो. त्यात समुपदेशनाची १७ सत्रं २० हजार ४०० रुपयांची. पैसे संपायला लागले की माणूस आधी हाच खर्च कापतो. आम्हीही एकदा कापायला निघालो होतो.

"मग दत्तक घ्या ना," असं लगेच चार जण म्हणाले. दत्तक मूल हे दुसऱ्याच्या रिकाम्या जागेची भरती करायला येत नाही, तो स्वतंत्र निर्णय आहे. आम्ही दिवाळीपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दिवाळी गेली, आता अधूनमधून बोलतो, अजून ठरलेलं नाही. समुपदेशकांकडे मी दोन महिन्यांतून एकदा जाते.

गेल्या महिन्यात पुण्याच्या मावशींचा फोन आला. मी आत मेथी निवडत होते. सासूबाई स्पीकरवर बोलतात, म्हणून सगळं ऐकू येत होतं. मावशींनी विचारलं, "काय गं, काही बातमी?" सासूबाई म्हणाल्या, "नाही. आणि हे आता विचारू नकोस. तुझा गुडघा कसा आहे, ते सांग."